मुड्डा

‘ओ अर्धे, उरलेला अर्धा कुठं गहाण टाकलाय?’ असं कस्तुरीनं लिहिलं आणि पाठवून दिलं, तेव्हा समोर रिक्षावाले बॅटरीसाठी हॉर्न मारून मारून कावले होते.

“कस्तुरे! त्या फोनात काय पुरलंयस का?” शीतल मामा आतनं ओरडला. नाव शीतल, पण डोकं कायम तापलेलं. घराण्याचाच गुण तो, भाचीतही उतरला होता.

“आले की! पेटलंय का कुठं?”

जयसिंगपूरच्या बायपासला मामाचं बॅटरी बदलायचं केंद्र होतं. रिक्षावाल्यानं उतरलेली बॅटरी द्यायची, भरलेली घेऊन जायची. डबा ओढायचा, डबा ढकलायचा, हिरवा दिवा लागला की पुढचा. या कामाला डोकं लागत नाही आणि कस्तुरीकडं तेच जास्त होतं. दहावीत असताना सरांनी फळ्यावर मोटारीची आकृती उलटी काढली. ती उभी राहिली आणि म्हणाली, सर, ही मोटार मागं पळंल. वर्ग हसला. सर म्हणाले, माफी माग. ती म्हणाली, आकृती दुरुस्त करा, मग मागते. आकृती दुरुस्त झाली नाही, माफी मागितली गेली नाही, आणि दप्तर बाकावर आपटून पोरगी घरी आली ती आलीच. आईनं रडून बघितलं, बापानं ओरडून बघितलं. शेवटी नांदणीहून उचलून मामाकडं आणून सोडलं.

मग तिला ‘खलबत्ता’ सापडला.

खलबत्ता मंजे जुन्या पद्धतीचं मराठी चर्चास्थळ. चित्रं नाहीत, नाचगाणी नाहीत, नुसता मजकूर. कुणीतरी धागा काढायचा, बाकीच्यांनी त्यावर प्रतिसाद कुटायचे. ढग पेरून पाऊस पाडावा का, शाळेत मास्तर ठेवावेत का यंत्रं, गावसभेचं मतदान फोनवरनं घ्यावं का. जगात इतकी माणसं इतक्या पोटतिडकीनं भांडतात हे बघून कस्तुरीला माहेर सापडल्यासारखं झालं. सगळे टोपणनावानं लिहायचे. तिनं नाव घेतलं ‘उचापती’ आणि ओळखीच्या रकान्यात ठोकून दिलं: टेक्स्टाइल इंजिनियर, इचलकरंजी. शाळा सोडलेल्या पोरीशी कोण भांडणार? लोक माया करतील, सल्ले देतील. तिला दोन्ही नको होतं.

‘अर्धाशहाणा’ तिला पहिल्याच आठवड्यात भेटला. तिनं धरणावर तावातावानं लिहिलेलं, त्यात ‘पानी’ लिहिलं होतं. खाली त्याचा प्रतिसाद आला: ‘आपल्या पाण्यातला ण पुरात वाहून गेलेला दिसतो. सापडल्यास कळवतो.’

तिच्या कानशिलातून वाफ निघाली. ती त्याच्या मागं हात धुऊन लागली आणि त्याच दुपारी शिकार हाती आली. रागाच्या भरात त्यानं लिहिलं, ‘उचापतीबाई, तुमचा मूळ मुड्डाच चुकला आहे.’ बोट घसरलं होतं, द चा ड झाला होता. आता ती सोडते होय?

‘मुड्डा मंजे काय वो अर्धे? का ज्या मुद्द्याला बूडच नसतंय त्याला मुड्डा म्हनायचं?’

दुसरा असता तर चूक दुरुस्त करून गप्प बसला असता. यानं लिहिलं, ‘व्याख्या मान्य. आता तुमच्या एकेका मुड्ड्याचा समाचार घेतो.’ आणि घेतला.

तिथून तो शब्द दोघांचा झाला. तिसरं कुणी वापरायला गेलं तर दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे. तेवढ्यापुरतीच काय ती त्यांची युती.

सगळ्यात मोठं भांडण होतं ते धरणाच्या दरवाज्याचं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे यंत्रानं ठरवावं, असा ठराव सरकार आणत होतं. ढग, नदी, माती, सगळ्याचा हिशेब यंत्र क्षणाक्षणाला करणार होतं. कस्तुरीनं पूर बघितला होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बघितला होता, बाप म्हशीचं दावं कापत असताना. ती यंत्राच्या बाजूनं. यंत्राला मतं मागायची नसतात, कुणाचा ऊस वाचवायचा नसतो.

अर्धाशहाणा विरुद्ध बाजूनं. ‘यंत्र चुकेल म्हणून मी विरोध करत नाही. वस्तुतः ते माणसापेक्षा कमीच चुकेल. पण ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू? दरवाजा उघडणाऱ्याला नाव पाहिजे.’

‘नाव होतं की इतकी वर्षं! त्या नावानं आमची म्हस परत दिली का?’

‘नाही दिली. पण शिव्या देता आल्या. शिव्या देता येणं ही लोकशाहीची पहिली पायरी.’

रिक्षावाले हॉर्न मारायचे आणि कस्तुरी फोनात बघून एकटीच हसायची. रागानं लिहिलेल्या उत्तराखाली याचं काय येतंय या विचारात तिचा दिवस जायचा. याच माणसाला हरवायला तिनं वाचायला सुरुवात केली. पाण्याचा विसर्ग कसा मोजतात, माती फुगते मंजे काय, सगळं डबे ढकलता ढकलता वाचलं. शाळेनं जे केलं नाही ते या खडूसानं केलं, पण हे ती मान्य करणार नव्हती, जीव गेला तरी.

मग निवडणुका लागल्या आणि खलबत्त्यावर डुआयडींचा सुळसुळाट झाला. डुआयडी मंजे डुप्लिकेट आयडी: एकाच माणसानं काढलेली भरमसाट नावं. एकच प्राणी प्राध्यापक होऊन प्रश्न विचारायचा, गृहिणी होऊन उत्तर द्यायचा आणि निवृत्त सुभेदार होऊन दोघांना शाबासकी द्यायचा. धरणाच्या धाग्यावर अशी टोळधाड आली की मूळ चर्चा दिसेना.

कस्तुरीचं टाळकं सटकलं. तिनं धागा काढला: ‘ठसा लावा’.

ठसा हे यंत्र तेव्हा नवं होतं, पण त्याची गंमत अशी: माणूस लिहिताना मोठे शब्द निवडून निवडून वापरतो, बारक्या शब्दांकडं त्याचं लक्ष नसतं. ‘पण’, ‘तर’, ‘की’, ‘च’, ‘सुद्धा’ हे आपोआप पडत जातात. ‘च’ कुठं चिकटवतो, कितव्या शब्दावर दम खातो, स्वल्पविराम देतो की विसरतो. नाव बदललं, सोंग बदललं, तरी हे बदलत नाही. जिन्यात चपलेचा आवाज आला की कोण आलं हे घरातले न बघता सांगतात ना, तसं. ठसा या चपला ऐकतो. हजारो प्रतिसाद ऐकतो आणि सांगतो: ही तीन नावं, पण पाय एकच.

अर्धाशहाण्यानं विरोध केला, अर्थात. ‘चोर धरायला कुत्रा पाळताय, उत्तम. तो घरच्याला चावला तर जाब कुत्र्याला विचारणार का?’

‘चोराच्या मनात चांदणं,’ तिनं लिहिलं. ‘तुमची किती नावं आहेत वो अर्धे? पावशहाणा, पाऊणशहाणा?’

लोक हसले. मतदान झालं, ठसा आला. नियम करायची वेळ आली तेव्हाही कस्तुरीच पुढं. ठशानं दोन नावं एक ठरवली, तर दोघांनी थेट कॉलवर येऊन एकाच वेळी आपापल्या तोंडानं बोलून दाखवायचं. नाही जमलं तर एकच नाव राहील, दुसरं त्याच्या सगळ्या लिखाणासकट पुसलं जाईल. यातही तिनं पाचर मारली: फोनमधला बनवलेला आवाज चालणार नाही. हल्ली पोरंटोरंसुद्धा दहा आवाज काढतात. नियम एकमतानं पास झाला. एकमतानं मंजे, एक सोडून.

पहिले काही दिवस दिवाळी होती. प्राध्यापक, गृहिणी आणि सुभेदार मिळून एकच पोरगा निघाला. कस्तुरीनं मामाला पेढा दिला. मामानं कारण न विचारता खाल्ला.

आणि मग एका सकाळी, ती डबा ओढत असताना, तिच्या फोनवर खलबत्त्याची सूचना आली.

‘आपलं नाव उचापती आणि अर्धाशहाणा हे नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं ठशाच्या निदर्शनास आलं आहे.’

ती इतकी हसली की डबा पायावर पडता पडता राहिला. मग हसणं ओसरलं आणि राग आला. तिनं मध्यस्थाला लिहिलं. मध्यस्थ मंजे खलबत्ता चालवणारा गृहस्थ, पुण्यात दातांचा दवाखाना होता म्हणे त्याचा.

‘अहो, डोकं फिरलंय का तुमच्या यंत्राचं? आम्ही दोघं गेली दोन वर्षं एकमेकांचे गळे धरतोय!’

‘तेच तर,’ उत्तर आलं. ‘डुआयडीवाले स्वतःशीच भांडतात, धागा पेटता ठेवायला. आणि खरं सांगू का, इतकं नेमकं भांडण दोन परक्या माणसांना जमत नाही. वर तो मुड्डा. अख्ख्या खलबत्त्यावर तो शब्द दोनच नावं लिहितात.’

‘ती चूक आहे! टायपिंगची!’

‘दोघांची एकच चूक?’

कस्तुरीनं उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. मग तिनं दोघांचे जुने प्रतिसाद उघडले. सुरुवातीचे वाचले, हल्लीचे वाचले. ‘वस्तुतः’ हा त्याचा शब्द होता, आता तिच्या प्रत्येक प्रतिसादात बसलेला होता, पाटावर बसल्यासारखा. आणि तो? तो वाक्याच्या शेवटी ‘की’ लावत होता. ‘सांगा की.’ ‘वाचा की.’ हा तिच्याकडचा की होता, नांदणीचा. तिचे ण जागेवर आले होते. त्याचे ‘आहे’ जाऊन ‘आहे ना वो’ आले होते. कधी झालं हे? कुणी केलं?

तिनं त्याला खाजगीत लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण यंत्राला कुणी शिकवलेली दिसत नाही. दोघं फार बोलले की एकमेकांसारखे बोलायला लागतात, नवराबायको बघा की. यंत्र जे ऐकतंय ते खरंच आहे. अर्थ तेवढा चुकीचा लावतंय. वस्तुतः यंत्राचं नेहमीचंच आहे हे.’

‘भाषण नंतर. नंबर द्या तुमचा. आपण कॉलवर जाऊन त्या दातवाल्याचे दात घशात घालू.’

बऱ्याच वेळानं नंबर आला. खाली लिहिलं होतं, ‘फक्त लिहा. फोन करू नये.’

करू नये म्हटल्यावर कस्तुरी न करेल तर ती कस्तुरी कसली. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. उचलला गेला.

“हॅलो? अर्धे का? मी उचापती. ऐकू येतंय?”

पलीकडं काही नाही. नुसती एक शीळ, फुटक्या पंपासारखी. आत जायची, बाहेर यायची.

“हॅलो! बोला की वो!”

शीळ.

“अहो, मी इथं रिक्षा थांबवून फोन केलाय. ऐकताय तर बोला. एवढं लिहिताना तर मोठं तोंड असतंय, आता काय झालं? तोंड नाही का तुम्हाला?”

शीळ जरा वेळ तशीच चालली. मग फोन बंद झाला. रिक्षावाला म्हणाला, “कस्तुरीताई, भांडान जरा नंतर, माझं शाळंचं भाडं हाय.” तिनं त्याच्या अंगावर बॅटरी ढकलली. ती ढकलेपर्यंत मेसेज आला.

‘तोंड आहे. आवाज नाही. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्यातल्या भोकातून चालतो, तोच ऐकलात. त्याआधी अमळनेरच्या कोर्टात वकिली करत होतो. बोलण्याचंच खात होतो. तुमचा आवाज छान आहे. मला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान आहे.’

कस्तुरी केंद्राच्या मागं गेली, जिथं रिकाम्या बॅटऱ्यांची थप्पी असते. तिथं उभी राहिली. तिनं लिहिलं, ‘मला माहीत नव्हतं.’ मग लिहिलं, ‘माफ करा.’ हे तिनं शाळेत म्हटलं असतं तर आज ती बारावीत असती.

‘त्यात काय. शिव्या देता येणं ही पहिली पायरी.’

‘फोनमधला आवाज लावून बोलता येतं की तुम्हाला. मी बघितलंय, लावतात तसे लोक.’

‘येतं. घरात तसाच बोलतो. पण बनवलेला आवाज चालत नाही. नियम आहे.’

कुणाचा नियम, हे त्यानं लिहिलं नाही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

तिनं मध्यस्थाला सगळं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. दोन दिवस विचार करून त्यानं लिहिलं की एकाला सूट दिली तर उद्या सगळे सुभेदार मुके होऊन येतील. यावर उपाय एकच. धुळ्याला आपले एक संपादक राहतात. उचापतींनी अमळनेरला जावं, संपादक तिथं येतील, दोघांना शेजारी शेजारी उभं बघतील. संपला विषय. रविवारपर्यंत करा.

सोपं होतं. वाट लांबची, पण सोपी. संध्याकाळी चहा घेताना तिनं मामाकडं विषय काढला.

“मामा, अमळनेरला जायचंय मला.”

“तिकडं कोण हाय आपलं?”

“एकजण. भांडतोय माझ्याशी.”

“भांडायला एवढ्या लांब? हितं कमी हाईत व्हय?” मामानं बशी खाली ठेवली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. भाची हसत नव्हती. “वय काय हाय त्याचं?”

“म्हातारा आहे. आजारी आहे. मी गेले नाही तर त्याचं सगळं लिहिलेलं पुसून टाकतील.”

“मग जाऊया की. मी येतो संगं. केंद्र एक दिवस बंद राहिलं तर काय मरत न्हाई कोन.”

आता अडायचं काहीच कारण नव्हतं. तरी कस्तुरी अडली. धुळ्याचा संपादक येणार, तो काय बघणार? टेक्स्टाइल इंजिनियर उचापती, इचलकरंजी: हातावर बॅटरीचा काळा डाग, दहावी नापास सुद्धा नाही, दहावीला बसलीच नाही. तो जाऊन सांगणार. खलबत्ता हसणार. ‘पानी’वाले जुने प्रतिसाद शोधून काढणार. आणि अर्धाशहाणा समोर बघणार की दोन वर्षं आपण एका शाळा सोडलेल्या कार्टीशी कायद्याच्या बाता मारत होतो. मग तो भांडायचा नाही. माया करेल. ‘बाळा, शिक’ म्हणेल. ते तिला सहन होणार नव्हतं.

तिनं लिहिलं, ‘जरा थांबा. मामांना सुट्टी नाही. शनिवारी सांगते.’

त्याचं उत्तर आलं, ‘घाई नाही.’

शुक्रवारी दुपारी मामानंच विचारलं, “काय गं, तिकिटं काढू का?” ती म्हणाली, “काढ की.” हसूदेत काय हसायचं ते. मामानं तिकिटं काढली. तिनं फोन उघडला, ‘आम्ही येतोय’ लिहायला.

खलबत्त्यावर सूचना होती. ‘सदस्य अर्धाशहाणा यांनी उचापती हे नाव कायम ठेवण्याची निवड केली आहे. अर्धाशहाणा हे नाव व त्यावरील सर्व लेखन काढून टाकण्यात आलं आहे.’

त्याचा मेसेजही होता, सकाळचा. तिनं बघितलाच नव्हता.

‘उचापतीबाई, दोघांतलं एक ठेवायचं झालं तर ज्याचं अजून वाढायचंय ते ठेवावं, असा साधा न्याय आहे. माझं म्हणणं मांडून झालं होतं. तुमचं अजून कच्चं आहे. आणखी एक. तुम्ही का अडलात ते मला कळतंय. तुम्ही इंजिनियर नाही हे मला तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. इंजिनियर माणूस इतकं वाचत नाही. तुमच्या वयाचा अंदाज फोनवर आला. त्यानं मुड्ड्याला बूड येत नाही की जात नाही. धरणाच्या बाबतीत तुम्ही अजूनही चूक आहात.’

कस्तुरीनं मध्यस्थाला फोन केला, शिव्या दिल्या, रडली. पुसलेलं परत येत नाही म्हणाला तो. नियमात तसंच होतं. तिनं विचारलं, “चूक कुणाची मग?” तो म्हणाला, “तसं बघितलं तर कुणाचीच नाही हो.” आवाजावरनं खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं त्याला. पण ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असं दार त्याचंही नव्हतं.

ती तिकिटं मामानं परत केली. कस्तुरी म्हणाली, आता जाऊन कुणाला दाखवायचंय?

पण जायला पाहिजे होतं. हे तिला फार उशिरा कळलं.

धरणाचा धागा तिनं उघडला. त्याचे प्रतिसाद होते तिथं कोऱ्या चौकटी होत्या. मधेमधे फक्त ती. ‘ओ अर्धे, झोपला काय?’ कोरं. ‘हे तर तुम्ही मागच्या वेळी उलटं बोलला होता!’ कोरं. ‘बरं, हा मुड्डा मान्य. पण पुढचा?’ कोरं. नवीन येणारा कुणी वाचेल तर म्हणेल, ही बाई एकटीच भिंतीशी भांडत होती. नव्या लोकांनी तसं म्हणायला सुरुवातही केली. एकानं लिहिलं, ‘डुआयडीवाली ती हीच ना?’

नंबर होता की, तिनं त्याला मेसेज करायला सुरुवात केली. तो उत्तर द्यायचा. पण काहीतरी बिनसलं होतं. धरणाचं काढलं तर तो लिहायचा, ‘तुमचं बरोबर असेल.’ तो असं कधीच म्हणाला नव्हता! चार लोकांसमोर जे भांडण कुस्तीसारखं रंगायचं ते दोघांत नुसतं कुजबुजल्यासारखं व्हायचं. शिवाय आता तिला त्याचा घसा माहीत होता आणि त्याला तिचं वय. दोघंही एकमेकांना जपून लिहायला लागले. ‘जेवलात का?’ ‘हो. तुम्ही?’ ‘तब्येत कशी आहे?’ ‘ठीक. केंद्र कसं आहे?’ भांडण गेलं आणि चौकशी उरली. चौकशीचं असं असतं की ती रोज करता येते, आणि एखाद्या दिवशी राहिली तरी चालते. मग दोन दिवस राहिली तरी चालते.

पावसाळ्याच्या तोंडाला तिनं लिहिलं, ‘यंत्र बसलं धरणावर. आता बघू कोण खरं ते.’ उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, पण ‘वस्तुतः’ नव्हतं आणि ‘की’ नव्हता. पहिल्या ओळीतच तिला कळलं की पाय दुसऱ्याचे आहेत.

‘मी त्यांची सून. पप्पांचं दुखणं उलटलंय, ते आता फोन बघत नाहीत. तुम्ही कोण?’

कस्तुरीनं बराच वेळ त्या प्रश्नाकडं बघितलं. इंजिनियर? भाची? मैत्रीण? यातलं काहीच नव्हती ती. ‘मी त्यांच्याशी भांडायचे,’ तिनं लिहिलं. सुनेनं नुसते जोडलेले हात पाठवले.

त्या पावसाळ्यात यंत्रानं दरवाजे वेळेवर उघडले. नदी पात्रात राहिली. नांदणीत कुणाची म्हैस गेली नाही. फक्त वर धरणाखालच्या, पात्राला लागून असलेल्या एका वाडीत, जिथं दर पावसाळ्याला माणूस सायकलवरून सांगायला यायचा, तिथं या वेळी सूचना फोनवर आली. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्या एका म्हाताऱ्या जोडप्याला पाणी रात्रीत घेऊन गेलं. यंत्राचा हिशेब चुकला नव्हता. तपासणी झाली, कुणाचाच दोष निघाला नाही.

खलबत्त्यावर कस्तुरीनं त्यावर धागा काढला. लोक आले, एका बाजूचे, दुसऱ्या बाजूचे, ठरलेलं बोलून गेले. तिला कुणी हरवेना. तिला कुणीतरी हरवायला पाहिजे होतं.

दुपारची वेळ होती, रिक्षा नव्हत्या. तिनं नवीन नाव काढलं आणि लिहायला बसली. शब्द भराभर आले. ‘उचापतीबाई, वस्तुतः तुमच्या या मुड्ड्याला बूड नाही ते यासाठी की’, अगदी त्याचं. तोच टोमणा, तोच स्वल्पविराम, तोच मधेच घेतलेला दम. क्षणभर तिला खरंच वाटलं, आला म्हातारा.

पण ‘यासाठी की’ या शब्दांवर बोट थांबलं. यासाठी की काय? तिनं एक मुद्दा घातला, तो तिचाच निघाला. दुसरा घातला, तोही तिच्या ओळखीचा. तो तिथून बोलायचा जिथं तिचं लक्षच गेलेलं नसायचं. ती चिडायची ती त्यामुळंच. त्याचे शब्द तिच्याकडं सगळे होते, पण त्याला पुढं काय सुचलं असतं, ते नव्हतं. वाक्य अर्धंच राहिलं.

तिनं ते तसंच, अर्धं, पाठवून दिलं.

ठशाचा निकाल लगेच आला. ‘हे नाव आणि उचापती हे नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं निदर्शनास आलं आहे.’ खाली दोन बटणं होती. एक ‘मान्य’, दुसरं ‘हरकत आहे’.

कस्तुरीला आयुष्यभर दुसरंच बटण माहीत होतं. तिचं बोट तिकडं गेलंही. मग बाहेर हॉर्न वाजला, मामानं आतनं हाक मारली, आणि तिनं पहिलं दाबलं.